खेळाचें उद्यापन

आपल्या घरांत एखादें व्रत घेतलें, कीं तें पुरें कसें करावें हेंही त्याच वेळीं सांगितलेलें असतें. मंगळागौर पांच वर्षें पुजावी, अनंताचें व्रत चौदा वर्षें चालवावें, आणि मुदत भरली म्हणजे उद्यापन करून मोकळें व्हावें. उद्यापनावांचून सोडलेलें व्रत मनांत टोचत राहतें, हें आमच्या वाचकभगिनींस आम्हीं सांगावयास नको. खेळाला मात्र असें उद्यापन कोणीं सांगून ठेविलेलें नाहीं. पट पहिल्यानें केव्हां मांडला तें घरांतील सर्वांस आठवतें. शेवटचा डाव केव्हां झाला हें विचारा, कोणासही सांगतां येत नाहीं. एक गडी बदली होऊन दुसऱ्या गांवीं गेला, एकाच्या घरीं कार्य निघालें, पावसाळा सरला, आणि गुंडाळलेला पट फडताळांत गेला तो गेलाच. खेळ मोडला असें कोणी म्हणालें नाहीं. म्हणून तो मोडल्याचें दुःखही कोणीं केलें नाहीं.

हा विचार आमच्या मनांत घोळूं लागला तो एका अगदीं नव्या खेळामुळें. आमच्या कन्येचा मुलगा नाशिकास इंजिनियरिंगच्या कॉलेजांत शिकत होता. तो व त्याचे मित्रमैत्रिणी मिळून सहा जण २०२१ च्या दिवाळीपासून दर रविवारीं संध्याकाळीं एकत्र बसून हा खेळ खेळत आले. एकच डाव, एकच कथा, आणि ती चालली पावणेचार वर्षें. मुलें त्यास इंग्रजी आद्याक्षरांनीं ओळखतात. आम्ही येथें त्यास भूमिकेचा खेळ म्हणूं.

ज्यांनीं तो पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. सहांपैकीं एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, कोणी वैद्य. प्रत्येकाजवळ आपल्या पात्राचा एक कागद असतो. त्यांत त्याचें बळ किती, चपळाई किती, बुद्धि किती, गांठीस काय आहे, हें आंकड्यांनीं मांडलेलें असतें. जन्मपत्रिकेंत ग्रह मांडावे तसा तो प्रकार. फरक एवढाच कीं ही पत्रिका शिसपेन्सिलीनें लिहितात व दर रविवारीं खोडून सुधारतात. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही घाटाच्या तोंडाशीं आलां आहांत, अंधार पडत आहे, आणि पुलावर कोणी तरी उभें आहे." मग ज्यानें त्यानें सांगावयाचें कीं माझें पात्र काय करतें. जें सहज होण्याजोगें असेल तें झालें. जें साशंक असेल त्यासाठीं फासा टाकावयाचा. फासे तरी किती तऱ्हांचे! चार बाजूंचा, आठांचा, दहांचा, बारांचा, आणि मुख्य तो वीस बाजूंचा. ऋग्वेदकाळच्या लोकांनीं बेहड्याच्या फळांवर भागविलें, आपल्या पूर्वजांनीं हस्तिदंती लांबट फासे केले, त्यापुढची ही पायरी म्हणावी. ह्या खेळांत पण लावीत नाहींत, आणि कोणी जिंकत किंवा हरत नाहीं. तेव्हां द्यूताचा दोष त्यास लागत नाहीं, असें आमच्या घरांतूनही मान्य झालें आहे.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं रचिला व १९७४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा ह्या लहानशा गांवांतून प्रसिद्ध केला. नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तीन लहान पुस्तिका, आणि पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची. शिशाच्या सैनिकांची लढाई मेजावर मांडण्याचा छंद तिकडे पूर्वींपासून होता, व त्याचें मूळ प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालीं रूढ झालेल्या एका सैनिकी खेळांत सांपडतें. ह्या दोघांनीं फरक केला तो असा कीं, पलटणीच्या जागीं एक मनुष्य आणला. पलटणीला भय वाटत नाहीं, मनुष्याला वाटतें; पलटण कोणाला वचन देत नाहीं, मनुष्य देतो.

आम्हांस मात्र ह्या खेळाची जात अनोळखी वाटली नाहीं. विराटपर्वांत पांच पांडव आणि द्रौपदी ह्यांनीं काय केलें? युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नला, नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल, आणि द्रौपदी सैरंध्री. प्रत्येकानें आपल्या पात्राचा पूर्ववृत्तांत आधींच रचून ठेविला, कोणीं काय विचारलें असतां काय सांगावयाचें हें आपसांत ठरविलें, आणि मग वर्षभर एकानेंही आपलें सोंग सोडावयाचें नाहीं असा नियम पाळला. त्र्यंबकाच्या पलीकडे घाट उतरून मोखाडा-जव्हारच्या बाजूस गेलें तर तेथील वाड्यापाड्यांवर बोहाडा होतो. देवदानवांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर, मनुष्य रात्रभर नरसिंह होतो किंवा रावण होतो. दुसरा कोणी तरी होऊन पाहण्याची ही हौस मनुष्यास आजची नव्हे, आणि ती पुरविण्यास त्यानें दर वेळीं कांहीं नियमही बांधून घेतले आहेत.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. २०२५ च्या उन्हाळ्यांत ह्या सहा जणांचें शिक्षण संपलें. एकास जर्मनींत पुढील अभ्यासासाठीं जावयाचें होतें, एकीस बंगळूरास नोकरी लागली. रविवारची बैठक येथून पुढें चालणें नाहीं हें सर्वांस कळून चुकलें. अशा वेळीं बहुधा काय होतें तें आम्हीं वर सांगितलेंच आहे. ह्या मुलांनीं तसें होऊं दिलें नाहीं. त्यांची सूत्रधार एक मुलगी आहे, कायद्याची विद्यार्थिनी. तिनें दोन महिने आधीं प्रत्येकास एकच प्रश्न विचारला: तुझ्या पात्राचें काय करावयाचें राहिलें आहे? ज्यानें त्यानें लिहून दिलें. त्या पांच उत्तरांवरून तिनें कथेचा शेवट रचिला, आणि तो खेळण्यासाठीं आषाढी एकादशीनंतरच्या शनिवारीं सर्व मंडळी त्र्यंबकास आमच्या घरीं आली.

आषाढांतलें त्र्यंबक ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस त्या दोन दिवसांचें वर्णन नको. ब्रह्मगिरि ढगांत नाहींसा झालेला, पागोळ्यांचा आवाज अखंड, आणि माडीवर दिवसाही दिवा. शनिवारीं दुपारीं मुलें पटाभोंवतीं बसलीं तीं रविवारीं रात्रीं उठलीं. चातुर्मास लागला असल्यानें आमच्या घरीं कांदा नव्हता, तेव्हां बटाट्याच्या भज्यांवर व भाजणीच्या थालिपिठांवर त्यांनीं समाधान मानलें. आम्ही कोपऱ्यांत खुर्ची टाकून ऐकत होतों. कथा कोठल्याशा दुष्काळी राज्याची व गाडलेल्या नदीची होती. ती येथें सांगण्याचें कारण नाहीं, आणि खरें म्हणजे दुसऱ्याचा डाव ऐकविणें हें दुसऱ्याचें स्वप्न ऐकविण्याइतकेंच कंटाळवाणें होतें. परंतु त्यांतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

त्यांच्यांतील एका मुलाचे वडील २०२३ मध्यें वारले. त्यानंतर सात-आठ महिने तो खेळावयास आला नाहीं. त्याचें पात्र वैद्याचें होतें. अशा वेळीं तें पात्र कथेंतून काढून टाकावें, किंवा दुसऱ्या कोणीं चालवावें, असा साधारण प्रघात आहे. ह्या मुलांनीं तसें केलें नाहीं. वैद्य एका खेड्यांत आजारी पडला आहे, एक म्हातारी त्याची शुश्रूषा करीत आहे, असें त्यांनीं ठरविलें. आणि कथा कोठेंही गेली तरी दर चार-दोन रविवारांनीं त्यांच्यापैकीं कोणाचें तरी पात्र वाट वांकडी करून त्या खेड्यांत जाई, म्हातारीस दोन नाणीं देई, आणि वैद्य अजून निजलेलाच आहे हें पाहून परत येई. मुलास हें कोणीं कळविलें नव्हतें. तो परत आला त्या रविवारीं सूत्रधार मुलीनें एवढेंच म्हटलें, "तूं जागा झालास. उशाशीं अठरा नाणीं आहेत." तीं कोठून आलीं हें म्हातारीनें त्यास एकेका भेटीगणिक सांगितलें.

शेवटच्या रात्रीं, प्रत्येकाचें राहिलेलें काम पुरें करण्याची वेळ आली तेव्हां, त्या मुलानें राज्य मागितलें नाहीं कीं विद्या मागितली नाहीं. त्याचें पात्र त्या खेड्यांत परत गेलें आणि म्हातारीच्या घराचें छप्पर शाकारून दिलें. त्यासाठीं फासा टाकावयाची गरज नव्हती. तरी सर्वांच्या आग्रहावरून टाकला. पडले तीन. घर पहिल्या पावसांत गळूं लागलें, आणि सर्व मंडळी हंसतां हंसतां डोळे पुसूं लागलीं. मग सूत्रधार मुलीनें वही काढली आणि पावणेचार वर्षांत कथेंत येऊन गेलेल्या लहानसहान माणसांचीं नांवें एकामागून एक वाचलीं, धर्मशाळेवाला, नावाडी, हरवलेलें पोर, सगळीं. त्यास अर्धा घटका लागला. कोणी मध्यें बोललें नाहीं. ह्यास आम्ही उद्यापन म्हणतों.

आतां नियमांविषयीं. ह्या मंडळींत एकदां मोठें भांडण झालें होतें, आणि तें कथेवरून नव्हे, ग्रंथावरून. ह्या खेळाचे ग्रंथ वारंवार बदलतात. १९७४ नंतर तीन-चार वर्षांतच त्याची मोठी वाढलेली आवृत्ति निघाली; पुढें १९८९, २०००, २००८ आणि २०१४ अशी एकामागून एक नवी रचना होत गेली. आमच्या नातवाच्या मंडळीनें आरंभ केला तो २०१४ च्या ग्रंथावर. २०२४ च्या सप्टेंबरापासून २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत तिन्ही मूळ ग्रंथ पुन्हां सुधारून निघाले, आणि कथा ऐन रंगांत असतां प्रश्न उभा राहिला कीं जुन्यावर चालावें कीं नव्यावर. तीन रविवार फासा हातीं घेतला नाहीं, नुसता वाद.

बदल किती सूक्ष्म, पाहा. जुन्या नियमाप्रमाणें लढाई चालली असतां औषधाची कुपी पिण्यास गड्याची सारी पाळी खर्चीं पडे. नव्याप्रमाणें ती पिऊन आणखी एक काम करतां येतें. जखम भरून काढणाऱ्या मंत्रास पूर्वीं एक फासा होता, आतां दोन. हे प्रश्न सोपे. परंतु एक बदल असा होता कीं त्यावर सूत्रधार मुलीनें आमचें मत विचारलें. २०१४ च्या ग्रंथांत पात्राचे अंगचे गुण त्याच्या वंशावरून वाढत: अमक्या कुळांत जन्मला म्हणून बळ अधिक, तमक्या कुळांत म्हणून चपळाई अधिक. २०२४ च्या ग्रंथानें तें काढून टाकलें. आतां पात्र लहानपणीं काय करीत होतें, शेती, पाठांतर, चोरी कीं शिपाईगिरी, त्यावरून गुण मिळतात. जन्मानें कीं कर्मानें, हा वाद आपल्याकडे किती जुना आहे हें वाचकांस ठाऊकच आहे. तो विस्कॉन्सिनच्या एका खेळांत येऊन पोंचावा ह्याची आम्हांस मौज वाटली. आदिपर्वांत रंगभूमीवर कर्ण पुढें आला तेव्हां कृपाचार्यांनीं त्यास कुल विचारलें, कारण द्वंद्वाचा नियम तसा होता. दुर्योधनानें नियम मोडला नाहीं. त्यानें जागच्या जागीं कर्णास अंगदेशाचा राजा केलें. नियमास असें बगल देऊन काम साधतें, पण ज्याच्यासाठीं बगल दिली तो जन्मभर ओशाळा राहतो. त्यापेक्षां नियमच सुधारलेला बरा, असें आम्हीं मुलीस सांगितलें. नवा ग्रंथ ह्या बाबतींत आम्हांस चांगला वाटतो.

तरीही चालू डावांत तो घेऊं नये, हें आमचें दुसरें मत, आणि तिनें शेवटीं निर्णयही तोच दिला. कां, तें सांगतों. सावंतवाडीस दशावतारी गंजिफा खेळतात. एकशेंवीस गोल पानें, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. पांच रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या पांचांत एक्का वरचढ. नवशिक्याची तेथेंच त्रेधा उडते. आणि दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगानें आरंभ करावयाचा, रात्रीं असेल तर कृष्णाच्या. सूर्य मावळला कीं नियम बदलला! पण त्यावरून सावंतवाडींत कधीं भांडण झाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं, कारण तो केव्हां बदलावयाचा हें पानें वांटण्यापूर्वींच सर्वांस ठाऊक असतें. मनुष्याला नियम बदलल्याचा राग येत नाहीं. आपण एका बोलीवर बसलों आणि मध्येंच दुसरी बोली लागू झाली, ह्याचा येतो.

पांडवांचा डाव संपला कीं नाहीं, ह्यावरूनच पुढचें सारें झालें नाहीं काय? अर्जुन उघड झाला तेव्हां तेरावें वर्ष भरलें नाहीं असा दुर्योधनाचा पक्ष. भीष्मांनीं हिशेब करून दाखविला कीं दर पांच वर्षांत दोन अधिकमास पडतात, त्या मानानें तेरा वर्षांवर पांच महिने आणि बारा रात्री जास्तच झाल्या आहेत. हिशेब पक्का होता. परंतु वर्ष कोणत्या मानानें मोजावयाचें हें द्यूताच्या दिवशीं कोणींही स्पष्ट बोललें नव्हतें, आणि ज्यास ऐकावयाचें नव्हतें त्यानें तो हिशेब ऐकला नाहीं.

आपल्या घरांतही ह्या नियमभेदाचा अनुभव आहे. लोकमान्यांनीं पंचांगशुद्धीचा पक्ष घेतला तेव्हांपासून महाराष्ट्रांत कांहीं घरें टिळक पंचांग मानतात, आणि अधिकमासाचा घोळ पडला कीं एखाद्या वर्षीं एकाच आळींत एका घरीं गणपति महिनाभर आधीं बसतात, शेजारीं महिन्यानें. दोन्ही घरांतील मोदक दोन्ही घरें खातात. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास धर्मसिंधु रचिला. त्यांत मतभेदाच्या पुष्कळ जागीं ज्यानें त्यानें आपल्या देशाचाराप्रमाणें, कुळाचाराप्रमाणें चालावें असा निर्वाळा दिलेला आढळतो. एवढा मोठा ग्रंथकार, पण शेवटचा शब्द त्यानें घराकडे ठेविला. आमच्या नातवाच्या मंडळींतही असे कुळाचार होते. एकाच वेळीं दोन फासे पटाखालीं पडले तर मोजावयाचे नाहींत. मेलेल्या पात्राचा कागद फाडावयाचा नाहीं. आणि सूत्रधार जेवावयास उठली तर कथेंतही सर्वांनीं जेवावयाचें. हे नियम कोणत्याही आवृत्तींत नाहींत, म्हणून कोणत्याही आवृत्तीनें ते जात नाहींत.

बुद्धिबळाची गोष्ट आम्हांस अधिक जवळची. आमच्या वडिलांनीं शेवटपर्यंत हिंदुस्थानी चाल सोडली नाहीं. प्यादें आरंभीं एकच घर चालावयाचें. राजानें शह बसण्यापूर्वीं डावांत एकदां घोड्यासारखी उडी घ्यावयाची. प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरांत पोंचेल तेंच मोहरें त्यानें व्हावयाचें. आणि प्याद्यानें केलेली मात सर्वांत मानाची. पंजाबांतील मीर सुलतान खान ह्याच नियमांवर वाढला. विलायतेस जाऊन त्यानें युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९ सालीं ब्रिटनचें अजिंक्यपद मिळविलें. पुन्हां १९३२ आणि १९३३ सालीं मिळविलें. १९५५ सालीं एलुरूस पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तींत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्यांसह संयुक्त विजेते ठरले. स्पर्धेच्या जगांत हिंदुस्थानी चाल मागें पडली ती पडलीच. आमच्या शाळेंतील मुलें मधल्या सुटींत युरोपीय नियमानें खेळत आणि घरीं आजोबांशीं हिंदुस्थानी नियमानें. त्यांचा घोटाळा कधीं झाला नाहीं. शाळेंत शुद्ध भाषा बोलून घरीं बोली बोलावी तसेंच तें. घोटाळा व्हावयाचा तो पालकांचा.

ह्या नव्या खेळाविषयीं आमची तक्रार नाहीं असें नव्हे. ग्रंथ फार महाग आहेत, आणि दर दहा वर्षांनीं ते बदलण्यांत विद्येपेक्षां व्यापाराचा भाग मोठा दिसतो. २००० सालीं प्रकाशकांनींच नियमांचा गाभा कोणासही वापरतां येईल असा परवाना दिला होता. २०२३ च्या जानेवारींत तो बदलण्याचा त्यांचा बेत बाहेर फुटला. जगभरच्या गड्यांनीं एवढा गिल्ला केला कीं महिना संपण्याच्या आंतच बेत सोडावा लागला, आणि नियमांचा तो गाभा मालकास परत घेतां येणार नाहीं अशा रीतीनें सर्वांसाठीं खुला करावा लागला. ही गोष्ट आम्हांस फार आवडली. दुसरी तक्रार भाषेची. मुलें कथा मराठींत सांगतात, पण शस्त्र, मंत्र, गुण, सारें इंग्रजींत. आमची सूत्रधार मुलगी मात्र घाट, खिंड, पाणवठा, चावडी हे शब्द सहज वापरते, आणि जेथें ती ते वापरते तेथें ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें जागा उभी राहते, हें आम्हीं त्या दोन दिवसांत स्वतः पाहिलें.

त्र्यंबकास राहणाऱ्यानें पटाच्या खेळांविषयीं लिहावें आणि मोक्षपटाचें नांव घेऊं नये हें बरें नव्हे. निवृत्तिनाथांची समाधि आमच्या गांवांत आहे. पौष वद्य एकादशीस येथें दिंड्यांनीं रस्ते भरून जातात. धाकट्या भावंडांस रमविण्यासाठीं ज्ञानदेवांनीं व निवृत्तिनाथांनीं हा पट काढला अशी परंपरा सांगते. पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील ग्रंथपाल वा. ल. मंजूळ ह्यांनीं जुन्या मोक्षपटांचा शोध घेतला, आणि डेन्मार्कचे जेकब श्मिट-मॅडसन ह्यांनीं ह्या जातीच्या पटांवर कोपनहेगनच्या विद्यापीठांत २०१९ मध्यें प्रबंध सादर केला. ह्या पटावरून चालणारा जीव सद्गुणाच्या शिडीनें चढतो, दुर्गुणाच्या सापानें गिळला जातो, आणि शेवटीं वैकुंठास पोंचतो. येथेंही एक भूमिका आहेच. मात्र निवड कांहीं नाहीं, सारें दानावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडांत गेला. तेथें प्रथम इंग्रजी सद्गुणांचीं नांवें शिड्यांवर आलीं, पुढें तींही पुसलीं गेलीं, वैकुंठाच्या जागीं शंभर हा आंकडा आला, आणि सापशिडी म्हणून तो आमच्या नातवंडांकडे परत आला. नियमांत म्हणाल तर फारसा फरक नाहीं. साप तोच, शिडी तीच. कोणत्या पापानें खालीं आलों तें मात्र आतां कळत नाहीं.

आमचाही एक पट होता. चातुर्मासांतील दुपारीं आम्ही चौघे सारीपाट खेळत असूं: आम्ही, एक सेवानिवृत्त पोस्टमास्तर, एक कीर्तनकार बुवा, आणि पलीकडच्या वाड्यांतील एक गृहस्थ. पोस्टमास्तर सोंगटी मारली कीं टपालावर शिक्का मारावा तशी आपटीत. बुवांस पौ बारा पडले कीं ते पाळी थांबवून आख्यान लावीत, आणि त्या आख्यानाच्या आड सोंगटी एक घर पुढें सरकत असे असा पोस्टमास्तरांचा पक्का संशय होता. ह्या वादावर आमचे सोळा पावसाळे गेले. पहिल्यानें पोस्टमास्तर गेले, मग पलीकडचे गृहस्थ मुलाकडे ठाण्यास राहावयास गेले आणि तेथेंच वारले. बुवा आहेत, पण त्यांस आतां फाशावरचे ठिपके दिसत नाहींत. त्या शनिवार-रविवारानंतर आम्हीं आमच्या मंडळीस विचारलें कीं आमचा शेवटचा डाव कोणता; त्यांसही आठवेना. श्रावणांत एके दिवशीं आम्ही पट घेऊन बुवांकडे गेलों. दान आम्हीं वाचून दाखवावें आणि सोंगटी त्यांनीं हातानें चांचपून चालवावी, असा नवा नियम केला, आणि दोघांत एकच डाव खेळलों. बुवांनीं मध्येंच विचारलें, "मास्तर, दान खरेंच वाचतां ना?" डाव संपल्यावर त्यांनीं सोंगट्या मोजून पिशवींत भरल्या. आम्हीं त्या त्यांच्या नातीस देऊन आलों.

मुलांचें पुढें काय झालें हें विचारणाऱ्या वाचकांसाठीं एवढें लिहितों. दसऱ्यापासून त्यांनीं नवी कथा आरंभिली ती संगणकावरून. इकडे रविवारीं संध्याकाळचे सात, तेव्हां जर्मनींत दुपारचे साडेतीन. ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडचीं घड्याळें मागें गेलीं तेव्हां अडीच, आणि ह्याही बदलाची त्यांनीं आधींच नोंद करून ठेविली होती. ग्रंथ २०२४ चा, वहीच्या पहिल्या पानावर तीन जुने कुळाचार, आणि सूत्रधार ह्या वेळीं तो वैद्य झालेला मुलगा. कथा सह्याद्रींतच घडावी असा त्याचा मानस आहे. ब्रह्मगिरीवरून उतरतांना वाटेंत अंधार पडला तर मनुष्य कोणीकडे जाईल, असें त्यानें आम्हांस पत्रानें विचारलें होतें. आम्हीं त्यास दुर्गभांडाराकडे जाणाऱ्या कातळांत खोदलेल्या अरुंद पायऱ्यांची हकीकत सविस्तर लिहून पाठविली आहे.